पावडरीवरचं नाव

परवा नागपुरात विस्मरणात गेलेल्या वास्तुकारांवरच्या चित्रपटांचा महोत्सव होता. माझ्या बाबांवरही एक चित्रपट होता, म्हणून गेले. दिवे मालवले आणि शेजारच्या बाईंच्या टाल्कम पावडरीचा वास आला. क्षणात मी नंदनवन कॉलनीतल्या आमच्या लहानपणीच्या घरात, जेवणाच्या टेबलापाशी पोचले.

आई-बाबा दोघंही आर्किटेक्ट, पण ऑफिसवर पाटी एकट्या बाबांची. आई घरी, या टेबलावर नकाशे काढायची. शाई पसरू नये म्हणून ट्रेसिंग पेपरवर आधी पावडर चोळायची. त्या दुपारी ती धंतोलीतल्या एका दवाखान्याचा जिना काढत होती. दम लागलेल्या माणसाला टेकता यावं म्हणून तिनं प्रत्येक वळणावर बाक योजला होता. कागदाच्या कोपऱ्यात नाव मात्र बाबांचं.

"आई, तुझं नाव काहून नाही?" मी विचारलं.

पावडरीवर बोटानं तिनं आपलं नाव लिहिलं.

"हे पाह्य, लिहिलं नं?"

लगेच फडक्यानं ते अलगद पुसत म्हणाली, "सरक आता. शाई भरू दे मले."

मला ती जादू वाटली. मी टाळ्या वाजवल्या.

पडद्यावर तोच जिना आला. बाकावर एक म्हातारी टेकली होती. खाली बाबांचं नाव उमटलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

आईच्या नावाला टाळ्या एकदाच पडल्या, त्या दुपारी. तेव्हा ती ते पुसत होती.