टपावरचा चहा

कानवाल्या भाऊंनी चहा कधी गरम प्यायला नाही. गाडी आली की समोरच्या हॉटेलातून आलेला ग्लास ते तसाच गाडीच्या टपावर ठेवायचे, बॉनेट उघडायचे आणि इंजिन चालू असताना प्लगच्या वायरी पकडीनं एकेक करून काढायचे. वायर काढली की इंजिन अडखळायचं, गाडी हिसके द्यायची आणि चहा हिंदकळायचा. जी वायर काढूनही चहाला फरक पडला नाही, तिथला प्लग मेलेला. गिऱ्हाइकांना ही मिस्त्रींची ऐट वाटायची. ती ऐट नव्हती. भाऊंना ऐकू येत नव्हतं, आणि अंबड रस्त्यावर हे फक्त मला ठाऊक होतं.

त्यांच्या शेडला लागूनच माझं ब्लाउज शिवायचं दुकान. पूर्वी गाडी वळणावर असतानाच ते हातातला पाना खाली ठेवून म्हणायचे, "हिचा एक प्लग मिस करून राह्यला." त्यावरूनच तर 'कानवाले' हे नाव पडलं. जुना प्लग काढला की मला मुद्दाम आणून दाखवायचे. "बघा ताई, विटकरी रंग म्हंजे तब्येत बराबर. काळा पडला म्हंजे आतून तेल पिऊन राह्यला." मी म्हणायची, "भाऊ, माझ्या गिऱ्हाइकाच्या कापडाला काळा हात लागला ना, तर तुमची तब्येत बिघडेल." ते खूश होऊन निघून जायचे.

कान गेल्याचं मला कळलं ते माझ्याच तापट स्वभावामुळे. एकदा हाका मारून मारून घसा कोरडा झाला, म्हणून तणतणत शेडमध्ये गेले. ते पाठमोरे बसले होते. मी मागे उभी राहून तोंडाला येईल ते बोलले, पण त्यांचा हात थांबला नाही. वळून मला बघितलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणाला बोलू नका ताई," ते म्हणाले. "औरंगाबादला जाऊन आल्तो. नस वाळली म्हणतात. मशीन लावलं तर नुसती घरघर. कानवाल्याचा कान गेला म्हणल्यावर इथं गाडी कोण घालंल? मला दुसरं काहीच येत न्हाई." हे सांगताना त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मला ते बघवलं नाही.

तेव्हापासून मी अंबड रस्त्यावरची सगळ्यात भोचक बाई झाले. गाडी थांबली की हातातलं शिवण टाकून मी भाऊंच्या समोर जाऊन उभी राहायची आणि गिऱ्हाइकाचं बोलणं तोंड मोठं उघडून पुन्हा बोलायची. "म्हंजे चढाला झटके देती म्हणा की तुमची गाडी!" भाऊ माझ्या ओठांकडे बघून मान डोलवायचे. माणसं वैतागायची. वैतागू देत, मला काय त्याचं.

त्या दिवशी तीर्थपुरीचे एक बियाणेवाले आले. मागच्या सीटवर त्यांचे वडील होते, त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं आणि तीन प्लगची ती गाडी वाटभर अडखळत आली होती. मी नेहमीसारखं सगळं बोलून दाखवलं आणि दुकानात आलेल्या बाईचं माप घ्यायला परत गेले. भाऊंनी टपावर ग्लास ठेवला. पहिली वायर काढली, चहाला फरक नाही. तिथंच प्लग सापडला होता. पण त्यांची शिस्त अशी की सगळ्या वायरी तपासायच्या. ती बसवून त्यांनी दुसरी काढली आणि आधीच लंगडणारं इंजिन गप्पकन बंद पडलं.

चहा मात्र थरथरतच होता. मागे बसलेला म्हातारा काळजीनं सारखा पाय हलवत होता. भाऊंची नजर ग्लासावर; त्यांना वाटलं, इंजिन चालूच आहे. त्यांनी दुसरी वायर बसवली, तिसरी काढली, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून बंद इंजिनाकडे कान नेला.

मी दारातून ओरडले, "भाऊ, गाडी बंद पडली!" पुन्हा ओरडले. हॉटेलातली माणसं बाहेर आली. भाऊ ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "तिन्ही गेलेत. बदलावं लागतील."

तिन्ही प्लग गेले असते तर गाडी इथवर आलीच नसती, हे बियाणेवाल्यांनाही कळत होतं. भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं, रस्त्यावर जमलेल्या माणसांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी रडत होते. तेव्हा त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

तिन्ही प्लग त्यांनी नवे घातले. गाडी सुरू झाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी शेड उघडलं नाही. काही दिवसांनी हत्यारं विकून ते केदारखेड्याला भावाच्या शेतावर राहायला निघाले. टेम्पोत पुढे बसल्यावर त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"ताई, ती तीर्थपुरीची गाडी जाताना आवाज कसा होता?"

माझं लक्ष कुठलं असायला, आणि मला इंजिनातलं काय कळतं? पण मी त्यांच्या समोर गेले, तोंड मोठं उघडलं आणि म्हटलं, "बिलकुल एकसारखा, भाऊ."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.