गिटारच्या पोटातली साडी

माझ्या भावाच्या गिटारच्या पोटात आमच्या आईची साडी होती.

काल ती मी माझ्या हाताने ओढून बाहेर काढली.

दादाला जाऊन आज वर्ष झालं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याला ऐकलंय. आठवडाभर कुरिअरच्या ऑफिसात अकाउंट्स आणि शनिवार-रविवार लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार.

गिटार जपानी. वयाने त्याच्याहून मोठी. बोरीवलीच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतलेली. मध्ये मधासारखी पिवळी, कडेला जाता जाता काळपट तांबडी. जुन्या रेडिओला असायचे तसे पांढरे स्विच. मागे, मान जिथे स्क्रूने बसवलीय, तिथल्या पट्टीवर 'मेड इन जपान'. कंपनीचं नाव कधीच उडून गेलेलं.

"ही अर्धी पोकळ असते गं," तो मला समजवायचा. "मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळी. आपल्या हिच्यातला ठोकळा मात्र अर्ध्यावरच संपतो."

"म्हणजे गंडवलं तुला."

"गंडवलं काय? म्हणूनच बोलते ती."

आणि ती खरंच बोलायची. भरीव इलेक्ट्रिक गिटार वायर लावल्याशिवाय मुकीच. हिला वायर लागायची नाही.

मुलुंडला आमची एकच खोली. आई भाकऱ्या थापतेय, मी अभ्यासाला बसलेय आणि दादा कपाटाला टेकून वाजवतोय. शेजाऱ्यांना कळणार नाही, पण मला ऐकू येईल, एवढाच आवाज.

मी मोठी झाले ती त्या आवाजात.

स्टेजवर मात्र तीच पोकळी नडायची. स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरायचा, पोट घुमायचं आणि ती बाबांच्या गिरणीच्या भोंग्यासारखी ओरडायला लागायची.

दिंडोशीच्या एका लग्नात तर ऐन नवरीच्या एंट्रीला ओरडली.

ऑर्केस्ट्राच्या मालकाने सांगितलं, "ही परत आणलीस तर तूही येऊ नकोस."

दादा घरी येऊन जेवेना. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

आई आधी पोटभर हसली. मग ट्रंकेतून तिची हिरव्या काठाची सुती साडी काढली आणि टराटरा फाडली.

"पोर रडताहा तर दुपट्यात गुंडाळ तेका."

या गिटारीला पुढच्या बाजूला, इंग्रजी एफसारख्या दोन फटी असतात. त्यातून आईने एकेक पट्टी आत कोंबली. चमच्याच्या दांड्याने.

त्यानंतर गिटार स्टेजवर कधी ओरडली नाही.

घरातही बोलली नाही. वायर काढली की नुसती तारांची टिकटिक.

मी तेव्हा काही म्हटलं नाही. त्याचं काम टिकलं होतं ना.

आई गेली. दादाने मुलुंडमध्येच फ्लॅट घेतला. मग दादाचं आजारपण.

हॉस्पिटलमध्ये मला म्हणाला, "शोकेसमध्ये ठेवू नका हां तिला. रॉनीला द्या. तो वाजवेल."

रॉनी म्हणजे त्याच्या ऑर्केस्ट्रातला दोस्त. मी हो म्हटलं.

आणि वर्षभर दिली नाही. आज देऊ, उद्या देऊ. द्यायचीच नव्हती मला.

शेवटी वहिनीनेच फोन केला. "स्मिता, मला ती रोज दिसते गं. त्याला घेऊन जाऊ दे. वर्षाच्या आत त्याचा शब्द पाळूया."

काल रॉनी आला. आवाजाचा नॉब खरखरत होता. या गिटारीला मागे झाकण नसतं. आतलं सगळं त्या फटीतूनच बाहेर काढायचं.

"दीदी, कपडा निकालना पडेगा. काढू का?"

"मी काढते."

पट्टी, मग पट्टी, मग हिरवा काठ. मी नाकाशी धरला.

आईचा वास नव्हता. जुन्या लाकडाचा होता.

रॉनीने वहिनीच्या शिलाईच्या डब्यातला दोरा घेतला. प्रत्येक नॉबला बांधून सगळं बाहेर काढलं, साफ केलं आणि तेच दोरे ओढून पुन्हा जागेवर बसवलं.

मग वायर न लावताच सहज तारांवरून हात फिरवला.

ती बोलली.

तोच आवाज. कपाटाला टेकलेला दादा, भाकरीचा वास, माझी वही.

मग रॉनीने दादाच्या स्पीकरला वायर लावून आवाज वाढवला आणि ती ओरडली. असली ओरडली की वहिनी हातातलं पीठ तसंच ठेवून किचनमधून धावत आली.

आमच्या खोलीत दादाने कधी स्पीकर लावला आणि असं झालं, की आईची हाक ठरलेली. "संजू, बंद कर रे मेल्या!"

आम्ही तिघंही थांबलो.

कोणी ओरडलं नाही.

रॉनीने स्वतःच बटण बंद केलं. "साडी तुम्ही ठेवा दीदी. मी फोम टाकतो आत."

मी हो म्हणणार होते. खरं तर मला म्हणायचं होतं, काहीच टाकू नकोस. नेऊच नकोस.

वहिनी हात पुसून पट्ट्यांच्या घड्या घालायला लागली होती.

"आईंनी घातलीय ती," ती म्हणाली. "त्याच्या कामासाठी. आपण कोण काढणारे?"

मी किचनमधून चमचा आणला.

रॉनी हळूहळू तारा छेडत राहिला. मी एकेक पट्टी आत ढकलत गेले. प्रत्येक पट्टीबरोबर आवाज थोडा थोडा आत जात होता.

काठाची पट्टी शेवटी ठेवली.

मग नुसती टिकटिक.

रॉनीने गिटारची पेटी रिक्षात आडवी ठेवली आणि तिच्यावर हात टेकवून बसला. दादा तसाच बसायचा.

दादा, गिटार दिली रे.

आई आतच आहे.

नीट जा.