टाचणी न लागलेलं घर

महाडच्या आमच्या आरोग्य खात्याच्या ऑफिसात भिंतीवर महाड-पोलादपूरचा नकाशा होता आणि त्यावर लाल टाचण्या टोचण्याचं काम माझ्याकडे होतं. तापात नाकातोंडातून रक्त येणारा प्रत्येक रुग्ण म्हणजे एक टाचणी. आधी राहत्या पत्त्यावर टोचल्या, तर बिरवाडीपासून कापड्यापर्यंत नुसत्या विखुरल्या. मग रुग्णांना विचारलं, भाजावळीचा पातेरा कुठून आणलात? भाताची रोपं टाकायची जागा भाजायला सुका पालापाचोळा लागतो, तो बायका रानातून भारे बांधून आणतात. त्या जागांवर टोचल्या तेव्हा सगळ्या एकाच डोंगराखाली गोळा झाल्या. तिथेच माझं माहेर. त्या रानात वानरं मरून पडत होती, म्हणजे हा माकडतापच. तो गोचिडीतून पसरतो, आणि वानर मेलं की त्याच्यावरची गोचीड दुसरं अंग शोधते.

हे सांगायला मी वाडीत गेले. लोकांनी त्यातलं वानर तेवढं ऐकलं. शनिवारी मारुतीला तेल वाहणारी माणसं कोयते, काठ्या घेऊन रानात शिरली. पिल्लं पोटाशी धरून पळणाऱ्या माद्याही त्यांनी सोडल्या नाहीत.

माझ्या दादाने एक मारलेलं वानर दोराने फरफटत आणलं आणि अंगणातल्या पातेऱ्याच्या ढिगावर फेकलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. वहिनी पोटुशी होती. गुरांखाली पसरायला ती रोज त्याच ढिगातून पाला काढायची. माझं डोकं फिरलं. तिला घरात ढकललं, पंपाचं डिझेल ओतलं आणि ढीग वानरासकट पेटवून दिला. दादाने काठी चालवली. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा उजव्या मनगटावर, आणि हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मी त्याच्या दंडाला कडकडून चावले. शिव्या दोघांनीही दिल्या. ढीग मात्र जळून खाक झाला.

वहिनीला ताप आला नाही. पुढे वाडीत ताप आलेल्या घरांवरही मी नकाशात टाचण्या टोचल्या; त्या आमच्या घराच्या चहूबाजूंना आहेत, घरावर नाही. त्या साली दादाला भाजावळीला पातेरा उरला नाही, रोपं खुरटली. मुलीच्या बारशाला त्याने सगळ्यांदेखत मला सुनावलं, "बघ, काय झाला का कोणाला? उगा माझा पातेरा जाळलास."

झालं नाही ते दाखवणार कसं? मनगट वाकडंच जुळलंय. आत्याचा मान म्हणून भाचीला डाव्या हाताने उचललं आणि तिच्या कानात नाव सांगितलं.