चिंच, मीठ आणि विमा

आमच्या उपेंद्ररावांनी सगळी नोकरी विमा कंपनीत काढली आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, विम्याविषयी ऐकून घ्यायला घरात कोणीही तयार नाही. मी तर नाहीच. लग्न ठरल्यावर सोमेश्वरला फिरायला नेऊन यांनी मला आगीचा विमा आणि चोरीचा विमा यांतला फरक समजावून सांगितला होता, तो मला जन्माला पुरला. म्हणून गेल्या भाद्रपदात झुंबरबाई दारात येऊन "काका, मला विमा काढायचाय," म्हणाली, तेव्हा यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मुलाच्या लग्नातही दिसला नव्हता. स्वतः उठून तिला खुर्ची दिली. मला चहा टाकायला सांगितला, तोही आल्याचा.

झुंबरबाई कळवणकडची. नवरा दत्तू सातपूरला कारखान्यात आणि ही आमच्याकडे केर-फरशीला, अशी सुरुवात. आता तिच्या हाताखाली सात-आठ बायका आहेत, निळे ॲप्रन आहेत, गुरगुरणारं व्हॅक्यूमचं मशीन आहे. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीचे जिने आणि निम्म्याहून अधिक घरं तीच साफ करते. तिचे नियम दोन. काही फुटलं, बिघडलं तर मालकाच्या नजरेला पडायच्या आत आपण होऊन सांगायचं. आणि देवघराला हात लावायचा नाही. "देव तुम्ही उचला, मग आम्ही पुसू," असं ती पहिल्याच दिवशी सांगते. आमच्याकडे पंचवटीतून राहायला आलेली, सोवळंओवळं पाळणारी चार घरं आहेत. ती या एका वाक्यावर तिच्यावर खूश झाली.

गडबड झाली ती देव देवघरात नव्हता म्हणून.

आमच्या वरच्या मजल्यावर विश्वेश राहतो. आर्किटेक्ट आहे आणि सोसायटीचा चेअरमनही. त्याच्या हॉलच्या कोपऱ्यात दिव्याखाली एक पितळेची देवी होती, फार जुनी, काळीठिक्कर. कुठल्याशा जुन्या वस्तूंच्या बाजारातून त्याने ती हौसेने आणली होती आणि आल्यागेल्याला तिच्या अंगावरची काळी झाक कौतुकाने दाखवायचा. ही झाक साळूबाईला कोणी दाखवली नव्हती. साळूबाई म्हणजे झुंबरबाईच्या बायकांमधली सगळ्यात वयस्कर. नवरात्र तोंडावर आलेलं, आणि देवी अशी कोपऱ्यात, ना हळद ना कुंकू, तोंड काळं करून बसलेली. साळूबाईच्या जिवाला ते लागलं. तिने स्वयंपाकघरातून चिंच आणि मीठ घेतलं आणि देवीला अशी घासली की संध्याकाळी विश्वेश दार उघडून आत आला तेव्हा हॉलमध्ये दुसरा दिवा लावायची गरज नव्हती.

तोवर झुंबरबाईला कळलं होतं. नियमाप्रमाणे ती साळूबाईला घेऊन तिथे हजर होती. विश्वेश ओरडणारा माणूस नाही. तो सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "शंभर वर्षांचा रंग होता तो."

"रंग नव्हता दादा, मळ होता," साळूबाई म्हणाली. तिला वाटलं, समजूत घालतोय आपण.

विश्वेशने भरपाई मागितली नाही. ती भरून निघण्यासारखी गोष्टच नव्हती, असं तो नंतर मला म्हणाला, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटलं. पण कमिटीच्या बैठकीत त्याने दोन गोष्टी ठरवून घेतल्या. दिवाळीच्या साफसफाईआधी झुंबरबाईने नुकसानभरपाईचा विमा दाखवायचा, नाहीतर काम दुसऱ्याला. आणि त्या मावशी आता या इमारतीत नकोत.

साळूबाई घरी बसली. झुंबरबाई आमच्याकडे आली ती यासाठी. चहा निवत होता आणि ती सांगत होती, "काकू, मी नाशकात आले तवा मला कोण ओळखत होतं? साळूमावशीनं तिचं एक घर मला दिलं. म्हणली, माझं भागतं, तू घे. ते घर म्हणजे तुमचं." हे मला माहीत नव्हतं. आमचं घर कोणी कोणाला दिलं होतं, हे ऐकून मला गंमत वाटली आणि मी तिचा निवलेला चहा पुन्हा गरम करायला घेतला.

दोन दिवसांनी सोमनाथ नावाचा विमा एजंट आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसला. तोही कळवणचाच, गोड बोलणारा. ओल्या फरशीवरून कोणी घसरला तर कंपनी देणार, पाणी झिरपून खालच्याचं छत खराब झालं तर कंपनी देणार, असं तो सांगत गेला.

"अन् देवी?" झुंबरबाईने विचारलं.

सोमनाथने पान उलटलं. आमच्या ह्यांनी चष्मा पुसला. या क्षणाची ते निवृत्तीपासून वाट पाहत होते. "यात एक मेख आहे," ते म्हणाले. "जी वस्तू तुमच्या हातात कामासाठी दिलेली आहे, तिचं नुकसान यात धरलेलं नाही."

झुंबरबाईने जरा विचार केला. "म्हंजे आरसा पुसताना शेजारची फुलदाणी पडली तर पैसे मिळणार, अन् आरसाच फुटला तर नाय?"

"बरोबर."

"मग आमच्या काय कामाचं? आम्ही तर दिवसभर आरसाच पुसतो."

सोमनाथ म्हणाला, हातातल्या वस्तूचं कलम वेगळं जोडून मिळतं, पण हप्ता चढतो. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, घरचा म्हणून सांगतो. इतका खर्च करण्यापेक्षा त्या म्हातारीला कामावरून काढा. जोखीमच संपली. आणि मागे काही नुकसान झालंय का, असं इथं विचारलंय, तिथं मी 'नाही' टाकतो."

मला त्याच्या पुढ्यातली बशी उचलून आत न्यावीशी वाटली. झुंबरबाई मात्र शांत होती.

"ते कलम जोडा," ती म्हणाली. "अन् देवीचं खरं ते लिहा."

"मग कंपनी नको म्हणू शकते."

"म्हणू दे. मी बायकांना सांगते, फुटलं तर आधी सांगा. अन् मीच लपवू?"

सोमनाथने माझ्या नवऱ्याकडे आशेने पाहिलं. हे म्हणाले, "लिहा. खोटं लिहिलं तर उद्या पैसे द्यायच्या वेळी कंपनी त्यावरच बोट ठेवते." मग कंपनीला समजेल अशा भाषेत देवीची हकीकत त्यांनी स्वतः सांगितली. मी ऐकत होते. चिंच आणि मिठाचं त्यांनी 'सौम्य आम्लयुक्त घरगुती द्रावण' केलं. चाळीस वर्षांच्या संसारात मला या माणसाचा इतका अभिमान क्वचित वाटलाय.

कंपनीचं उत्तर येईना. घट बसले. झुंबरबाई रोज जिना पुसताना वर बघायची आणि हे रोज फोन करून सोमनाथला भंडावून सोडायचे. पाचव्या माळेला विमा मंजूर झाला, कलमासकट. झुंबरबाई तडक साळूबाईच्या घरी गेली, तिला ॲप्रन घालायला लावला आणि घेऊन विश्वेशच्या दारात उभी राहिली. मागे आम्ही दोघं. ह्यांना कलम समजावून सांगायचं होतं आणि मला काहीही चुकवायचं नव्हतं.

दार विश्वेशने उघडलं. झुंबरबाईने कागद पुढे केला. "दादा, विमा झाला. हातातल्या वस्तूचाबी. पण तो साळूमावशीसकट हाय. तिला सोडून आम्हाला ठेवणार असाल तर दिवाळीचं काम खुशाल दुसऱ्याला द्या."

सोसायटीचं काम गेलं असतं तर निम्म्या बायका घरी बसल्या असत्या, हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

विश्वेशने कागद हातातही घेतला नाही. तो बाजूला झाला. हॉलचा कोपरा रिकामा होता. आत देवघरात ती देवी बसलेली, अंगावर झेंडूची माळ, पुढ्यात घट, कपाळाला मळवट. शेजारी पाटावर नवरात्रासाठी त्याच्याकडे आलेल्या विश्वेशच्या आई.

"हीच का गं ती?" त्यांनी साळूबाईला जवळ बोलावलं. "मी कधीपासून याला म्हणत होते, बाबा, देवी आहे, पूजा तरी करू दे. तर म्हणे शोभेची आहे. घासल्यावर तिचं तोंड दिसलं. हसतेय बघ ती. आजवर कुणालाच माहीत नव्हतं."

विश्वेशने मान खाली घातली. "मावशी, सोमवारपासून या," तो म्हणाला. "मला अजून ती काळीच आवडते. पण आईला आता विचारायची सोय नाही."

साळूबाई पदराने डोळे पुसत राहिली. झुंबरबाईही. मीही, कारण मला सोबत लागते. आईंनी पूजेची भांडी घासायला काढून ठेवलेली चिंचेची वाटी साळूबाईपुढे सरकवली. "दसऱ्याला पुन्हा लख्ख कर हो."

साळूबाई दोन पावलं मागे सरली. "नाय आई. आता ती देवघरात गेली. देवघरातल्या देवाला आम्ही हात लावत नाय." मग विश्वेशकडे बघून म्हणाली, "दादांना सांगा. चिंच आधी भिजवून घ्या म्हणावं."

दसऱ्याच्या सकाळी मी सोनं द्यायला वर गेले, तेव्हा चेअरमनसाहेब बाह्या दुमडून देवी घासत बसले होते आणि साळूबाई दाराबाहेर उभी राहून त्यांना जोर कुठे कमी पडतोय ते सांगत होती.