मावशीच्या बाजूचं बटण

यमुना उन्हाळ्यात आटते, आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीचं पाणी तर ऐन आंघोळीच्या वेळी आटतं, पण माझ्या मावशीच्या यजमानांचं बोलणं आटलेलं अख्ख्या दिल्लीत कोणी पाहिलेलं नाही. काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झाले. सरकारी कचेरीत फायली तुंबतात म्हणे. काकांच्या टेबलावरची फाईल कधी तुंबली नाही, कारण पुढच्या खोलीतले लोक ती स्वतः येऊन घेऊन जात. काका ती द्यायला आले तर जेवणाची सुट्टी गेलीच म्हणून समजा. मेट्रोत "कृपया दरवाज़ों से हटकर खड़े हों" अशी सूचना झाली की काका "हटलो बाई, हटलो" असं तिला उत्तर देतात आणि लगेच शेजारच्या माणसाला त्याचं मूळ गाव विचारतात. दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापसाचे बोळे असताना त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या मुलीसाठी पुण्यातलं एक स्थळ सुचवलं होतं. बाईंना ते कळलं हेच मला नवल वाटतं. एकदा घरी सोडायला आलेला रिक्षावाला गप्पांच्या नादात वर चहाला आला, जेवून गेला आणि जाताना काकांच्या पाया पडला. भाडं घ्यायचं मात्र विसरला, म्हणून काका त्याच्यामागे खाली धावले आणि तिथे पुन्हा दोघांचं सुरू झालं.

मावशी अगदी उलट, मोजकं बोलणारी. ती जन्मतःच तशी की लग्नानंतर संधीच मिळाली नाही म्हणून तशी, हे तिच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईलाही ठरवता आलेलं नाही. काकांचं फार झालं की मावशी शांतपणे उठते आणि स्वयंपाकघरात जाते. काका दिवाणखान्यातून आवाज चढवतात. मग मावशी मिक्सर लावते. तिच्याकडे बारा महिने तेरा त्रिकाळ ओली चटणी असते आणि पाहुणे तिच्या हाताचं कौतुक करतात. त्या चटणीचं खरं श्रेय कोणाला जातं, ते घरातल्यांनाच ठाऊक.

काकांना गप्प करणारी या भूतलावर, छे, भूतलाच्या थोडी वर, एकच गोष्ट होती. त्यांचा फ्लॅट द्वारकेत, विमानं उतरतात त्या वाटेच्या बरोबर खाली. दर थोड्या वेळाने एक अजस्र विमान गच्चीवरून घरघरत जातं आणि तेवढा वेळ काकांना वाक्य अर्ध्यावर सोडावं लागतं. नोकरीत असताना हा अपमान त्यांना दिवसभर सोसावा लागत नसे. निवृत्तीनंतर बाल्कनीत बसू लागले तेव्हा तो फारच झोंबायला लागला. एके दिवशी विमान गेल्यावर ते मावशीला म्हणाले, "जे आपल्याला गप्प करतं ना, ते आपण शिकून घेतलं पाहिजे." मावशीला वाटलं, झालं, हे आता संस्कृत शिकणार. आठवड्याभरात काका हरियाणाच्या बाजूच्या एका फ्लाइंग क्लबात विमान शिकायला जाऊ लागले! आई पुण्याहून फोनवर ओरडली, "अगं, या वयात माणसं गुडघे बदलतात!" तब्येत तपासणाऱ्या डॉक्टरांनी काकांना ताबडतोब पास केलं. नापास केलं असतं तर कारणं सांगत बसावं लागलं असतं, आणि काकांनी ती ऐकून घेतली नसती.

क्लबात दोन माणसांपुरतं एक म्हातारं विमान होतं. त्याचं इंजिन असं धडधडायचं की शेजारी बसलेल्या माणसाला "उजवीकडे" म्हणून सांगायलाही घसा फाडावा लागे. शिकवणारी एक तरतरीत हरियाणवी मुलगी होती, काकांना मुलगी शोभेल अशा वयाची. तिला सगळे कॅप्टन मॅडम म्हणत. ती नुसत्या हाताच्या खुणांनी शिकवायची. आता काकांना हे कसं चालावं? शेजारी माणूस आहे आणि त्याच्याशी बोलता येत नाही! त्यांनी करोल बाग पालथी घातली. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात जाऊन विमानात बोलायचं यंत्र मागितलं. दुकानदारांनी त्यांना गाडीचे स्पीकर दाखवले, रिव्हर्सचा कॅमेरा दाखवला, एकाने "अंकल, एलईडी लगवा लो, प्लेन चमकेगा" असंही सुचवलं. शेवटी एका निवृत्त वैमानिकाकडून त्यांनी एक सुटा इंटरकॉम मिळवला. साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा डबा, त्याला दोन हेडफोन, दोघांच्या तोंडापुढे माइक, आणि प्रत्येकाच्या बाजूला आवाज कमी-जास्त करायचं एक गोल बटण. बॅटरीवर चालणारा. खिशात घालून कुठेही न्या.

आणि काकांनी तो कुठेही नेला. कॅबमध्ये ड्रायव्हरच्या कानाला लावला, "ट्रॅफिक का आवाज़ नहीं आएगा, बिल्कुल साफ़ बात होगी," म्हणून. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, आरतीच्या गजरात, अध्यक्षांना लावला. घरी मावशीला तर रोजच. ती पोळ्या लाटते आहे, कानावर हा भलामोठा हेडफोन, आणि काका ओट्याशेजारी खुर्ची टाकून, हाताच्या अंतरावरून, "ऐकू येतंय का?" म्हणून विचारताहेत. मला वाटलं होतं, मावशी आता माहेरी निघून जाणार. पण ती निमूटपणे हेडफोन लावून घ्यायची, मान डोलवायची, चेहऱ्यावर विलक्षण शांती. न राहवून एकदा मी तिचा हेडफोन माझ्या कानाला लावून पाहिला. चिडीचूप! तिने आपल्या बाजूचं बटण पार शून्यावर आणून ठेवलं होतं. "लग्नात तुझ्या आजोबांनी सगळं दिलं गं," ती हळूच म्हणाली, "हे एक बटण तेवढं राहिलं होतं."

काकांचा मनसुबा एकच होता: लायसन्स मिळालं की मावशीला शेजारी बसवायचं आणि वरून सगळं दाखवायचं. मावशीचा नकारही एकच होता. "वर स्वयंपाकघर असतं का?" ती विचारायची. "नाही ना? मग तुमचं सुरू झालं की मी उठून जाऊ कुठे?" काका हसून विषय बदलत, पण त्यांना ते लागायचं. सगळी हौसच मुळी तिच्यासाठी चालली होती, आणि ती शेजारच्या सीटवर बसणार नाही म्हणजे नाही.

मग तो दिवस आला, काकांनी पहिल्यांदा एकट्याने विमान उडवायचा. थंडीचे दिवस, धुकं विरल्यावर दुपारचं गोड ऊन पडलेलं. मी ऑफिसात "पेटदर्द" कळवून मावशीबरोबर क्लबात गेले. मावशीने सोबत मटार नेले होते, कारण दिल्लीतली बाई थंडीत कुठेही जावो, शेंगा सोलायला बरोबर असतातच. आम्ही हिरवळीवर खुर्च्या टाकून बसलो. कॅप्टन मॅडम विमानातून उतरल्या, काकांच्या पाठीवर थाप मारली आणि हातात छोटा रेडिओ घेऊन आमच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. काका एकटे उडाले.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. काकांचा इंटरकॉमचा डबा विमानाच्या रेडिओला जोडलेला असायचा. त्याला एक वायर होती आणि वायरीच्या टोकाला बोलायचं बटण. ते दाबलं नाही तर बोलणं विमानातल्या विमानात राहतं. दाबलं तर रेडिओवरून बाहेर सगळ्यांना ऐकू जातं, पण तोवर बाहेरचं आपल्याला काही ऐकू येत नाही. हे बटण चिकटपट्टीने विमानाच्या स्टिअरिंगला लावायचं असतं. काकांची पट्टी हरियाणाच्या धुळीने केव्हाच निकामी झाली होती. मॅडमची पाठ वळताच काकांनी खिशातून कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काढलं आणि बटण करकचून बांधून टाकलं. विमानाने उड्डाण केलं, रबर सरकलं आणि बरोबर बटणावर जाऊन बसलं.

रेडिओ खरखरला आणि मॅडमच्या हातातून काकांचा आवाज आला, खणखणीत मराठीत. "मॅडम उतरल्या आणि विमान कसं हलकं झालं बघ. पराठे फार खातात त्या." मॅडमनी रेडिओत दोनदा हाक मारली, मग त्यांचा चेहरा उतरला. बटण अडकलंय, त्यांना आपलं काही ऐकू जाणार नाही, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. "दीदी, आप मराठी हैं ना? क्या बोल रहे हैं अंकल जी? घबराए हुए तो नहीं हैं?"

"नहीं, नहीं," मी म्हटलं, "आपकी तारीफ़ कर रहे हैं."

काका शेजारच्या रिकाम्या सीटशी बोलत होते. त्या सीटवर मावशी बसली आहे असं समजून. "ते पिवळं दिसतंय ना, ती मोहरी. ती बाजूची मटारची शेतं. आपण घेतो ते मटार इथलेच असणार, आणि तू म्हणतेस मंडीवाला फसवतो." मावशीने हातातल्या शेंगेकडे पाहिलं. "द्वारका त्या बाजूला. नाही, इतक्या लांबून नाही दिसायची. पण दिसली असती तर आपली बाल्कनी मी तुला दाखवली असती. तुझ्या लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवल्यात, त्यांवरून ओळखली असती." मी भाषांतर करत होते आणि मॅडमना आता हसू आवरत नव्हतं. मग काकांचा आवाज थोडा खाली आला. "तू म्हणतेस मी फार बोलतो. बोलतो, कबूल. पण तू उठून आत जातेस ना, तेव्हा मला दिवाणखाना फार मोठा वाटतो गं. म्हणून मी आवाज चढवतो. मिक्सर बंद झाला की तुला ऐकू यावं, एवढंच."

हे मी भाषांतरित केलं नाही. मॅडमनी विचारलं, तर "मौसम के बारे में है" म्हणून सांगितलं. मावशी मान खाली घालून शेंगा सोलत होती आणि दाणे सालांच्या ढिगात टाकत होती.

इतक्यात दुसरं एक विमान उतरायला आलं आणि मॅडमचं हसू मावळलं. काकांमुळे रेडिओ अडलेला, त्याला काही सांगता येईना, काकांनाही सांगता येईना, आणि दोघेही एकाच पट्टीवर उतरायच्या बेतात! मॅडम आत धावल्या आणि सिग्नलचा मोठा लाल दिवा आणून काकांच्या दिशेने रोखला. रेडिओवर काका प्रसन्न झाले. "बघ बघ, खालून दिवा दाखवताहेत. मॅडमना किती आनंद झालाय!" मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. पण काकांची सवय आमच्या मदतीला आली. त्यांना मनातल्या मनात विचार करता येतच नाही. "पण लाल का बरं? लाल म्हणजे काय शिकवलं होतं? लाल म्हणजे उतरू नका, घिरट्या घाला. मग रेडिओवर का सांगत नाहीत? म्हणजे रेडिओ... अगं बाई, रबर!"

आणि आवाज बंद झाला.

रेडिओ नुसता मुका. मॅडमनी हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली, उत्तर नाही. तिकडे विमान घिरट्या घालत होतं, पण काकांचा शब्द नाही. एवढ्या आयुष्यात ते स्वतःहून कधी गप्प झाले होते? मी मावशीकडे वळले. ती उभी राहिली होती आणि मांडीवरचे सगळे मटार हिरवळीवर सांडले होते. "अगं, बोलत का नाहीत ते?" तिने माझा दंड इतका घट्ट धरला की मी कळवळले. मग मॅडमना, मराठीतच, "त्यांना बोलायला सांगा हो! काहीही बोलू दे, पण बोलायला सांगा!"

मॅडमना मराठीचं ओ की ठो येत नव्हतं, पण हे त्यांना कळलं. त्या रेडिओत म्हणाल्या, "अंकल जी, सुनाई दे रहा है तो पंख हिलाइए." आणि वर, त्या निळ्या आभाळात, म्हाताऱ्या विमानाने एकदा डावा पंख खाली केला, एकदा उजवा. मावशी मटकन खुर्चीत बसली. दुसरं विमान आधी उतरलं, मग मॅडमनी सांगितलं तसे काका उतरले, दोन उड्या मारत का होईना. "त्या बटणाला पुन्हा हात लावायचा धीरच झाला नाही," ते खाली आल्यावर म्हणाले. मावशी पुढे गेली, तिने त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "पराठे खातात म्हणे मॅडम! त्यांना घरी जेवायला बोलवा आता." एवढंच बोलली ती. दाणे मात्र मीच वेचले.

पुढे लायसन्स आलं आणि मावशी एकदा, फक्त एकदा, शेजारच्या सीटवर बसली. वर काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. उतरल्यावर मी काकांना विचारलं, "काय काय सांगितलंत तिला?" तर ते जरा गोंधळून म्हणाले, "मला कुठे बोलू दिलं? तिचंच सुरू होतं." थोड्याच दिवसांत पुढची तपासणी आली, डोळ्यात काहीतरी निघालं, आणि डॉक्टरांनी काकांचं विमान कायमचं बंद केलं. त्या दिवशी काका खरंच फार बोलले नाहीत, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

परवा मी द्वारकेला गेले, तर दोघं बाल्कनीत बसलेली. दोघांच्या कानांवर हेडफोन, मधे स्टुलावर तो डबा. डोक्यावरून विमान घरघरत गेलं, पण काकांचं वाक्य मधे तुटलं नाही. त्यांनी शेवटी त्या विमानांवर मात केली होती. मावशी मेथी निवडत मान डोलवत होती, चेहऱ्यावर तीच जुनी शांती. मला हसू आलं. म्हटलं, पाहू तरी बटण कुठे आहे. वाकून पाहिलं, तर मावशीच्या बाजूचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं, पूर्ण आवाजावर. काकांचं बोलणं तिच्या हेडफोनमधून बाहेर मलासुद्धा ऐकू येत होतं. कान फुटतील बिचारीचे, म्हणून मी ते कमी करायला हात पुढे केला, तर तिने फाडकन माझ्या हातावर चापट मारली.

"राहू दे," ती म्हणाली. "आत्ता कुठे मुद्द्यावर येताहेत."