वहिनींच्या तीन तारा

गल्लीच्या टोकाला लाकूड कातायचं मशीन चालवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे वहिनीच म्हणत. नवरा गेला, मुलगी सासरी गेली, पण पुढच्या खोलीतलं ते धूड जागचं हललं नाही. खुर्च्यांचे पाय, जिन्याचे गज, पोरांचे भोवरे, सारं तिथेच घडायचं. वहिनींच्या केसांत कायम भुसा. कुणी झटकायला सांगितलं तर म्हणायच्या, "असू दे, पिकलेले केस झाकतो."

त्यांच्या धाकट्या दिरांचा, म्हणजे भाऊजींचा, त्या खोलीवर डोळा होता. स्कूटर ठेवायला! पण मशीन हलवा म्हणायची छाती होईना, म्हणून गडी विजेवर घसरला. थ्री फेज गेलं की मशीन आपोआप बंद!

"अहो वहिनी, दिवा, पंखा, फ्रीज, सगळं सिंगल फेजवर आरामात चालतं. आमचं चालतं ना? एकट्या बाईला थ्री फेजच्या तीन तारा कशाला?"

"तुम्हाला तरी दोन पाय कशाला, भाऊजी? एकावर लंगडी घालत या की!"

एवढ्यावर गप्प बसतील तर ते भाऊजी कसले! वहिनी लाकूड बघायला वखारीत गेल्या, तेवढ्यात त्यांनी वायरमनला गाठलं. घरात सगळं ठरलंय अशी थाप मारली आणि थ्री फेज काढायला बसवलं. वहिनी परतल्या तेव्हा मीटरच्या पेटीतून तारा लोंबत होत्या आणि भाऊजी दारात उभे होते.

हातातली पिशवी तिथेच टाकून वहिनी कडाडल्या, "कनेक्शन कुणाच्या नावावर आहे रे?"

"तुमच्याच, वहिनी."

"मग मला विचारलंस? जोड आधी!"

वायरमनची पाचावर धारण बसली. बिचाऱ्याने मेन स्विच पाडला आणि हाताला येईल ती तार जोडत सुटला. वहिनींनी पदर खोचला, बटण दाबलं, आणि मशीन चक्क उलटं फिरलं! लाकूड धरून ठेवणारी लोखंडी तबकडी आट्यांवरून सुटली, ती भाऊजींच्या दोन पायांमधून थेट रस्त्यावर! भाऊजींनी जी उडी मारली, ती लग्नाच्या वरातीतही मारली नव्हती.

"बघा!" धापा टाकत ते म्हणाले. "मशीनच सांगतंय, आता पुरे. उद्या तुमच्या कपाळात बसेल. भंगारात घाला!"

वहिनींचा चेहरा क्षणभर उतरला. खरंच थकलं की काय हे? मग त्यांनी मशीनवर हात ठेवला. "इतक्या वर्षांत याने मला कधी पाठ दाखवली नाही. आजच कुणीतरी याचे कान भरलेत."

वायरमनने मान खाली घातली. "वहिनी, माझंच चुकलं. दोन तारांची अदलाबदल झाली. थ्री फेजची मोटर मग उलटी फिरते." आणि त्याने तारा नीट लावल्या.

भाऊजी अजून हटेनात. "सिंगल फेजची मोटर बसवा ना! तीही फिरतेच की."

"फिरते. लहान कामाला पुरतेही. पण मोटर नव्हती तेव्हा हे चाक आम्ही हाताने फिरवायचो, आठवतं? मी एकटी लागले की प्रत्येक हिसक्यानंतर चाक मंदावायचं. तुमची बायको, नणंदबाई आणि मी, तिघी पाळीपाळीने लागलो की एकीचा जोर ओसरायच्या आत दुसरीचा लागायचा. तीन तारांचं तसंच आहे. दिव्या-पंख्याला एकीचा हात बास, या धुडाला तिघींचा लागतो. आणि तेव्हा तुम्ही कुठे होतात? खाटेवर!"

वायरमन फिस्सकन हसला.

वहिनींनी तबकडी आणून घट्ट बसवली आणि पटाशी उचलली. भाऊजींच्या डोळ्यांदेखत एकामागून एक तीन पाय कातले, तयार पाटाला ठोकले आणि ती तिपाई त्यांच्यापुढे आदळली.

"यातला एक पाय काढून हिच्यावर बसून दाखवा. मग खुशाल माझ्या तारा काढा."

भाऊजी पाय आपटत निघून गेले. वहिनींनी तिपाई उचलून आत ठेवली नाही. दारातच मांडली, बरोबर जिथून स्कूटर आत घ्यायचा त्यांचा बेत होता तिथे. आणि पुन्हा बटण दाबलं.