अंबलीतलं दूध

श्रीपाद गेल्याचं पद्मावहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलो होतो. "भावजी, हे गेले. नाश्त्याला बसले होते, तसेच..." एवढंच त्या बोलल्या. सहा वर्षांनी त्यांचा आवाज ऐकत होतो. त्या क्षणी मला दुःख झालं नाही, हे आज पाच आठवड्यांनी लिहायला हरकत नसावी. राग आला. आता हा माणूस मला कधीच काही सांगणार नाही, याचा.

श्रीपाद आणि मी म्हैसूरच्या एकाच गल्लीत वाढलो. दोघांच्या घरी तीच आमची कानडीत भिजलेली मराठी. पुढे तो डेअरीच्या प्रयोगशाळेत लागला, मी रसायनशास्त्र शिकवू लागलो. त्याला दह्याताकातल्या जिवाणूंचं भारी वेड होतं. लोक भेटल्यावर तब्येत विचारतात, हा पोट कसं आहे ते विचारायचा. माझी मुलगी वैदेही चार वर्षांची असताना तिला दुधाची ॲलर्जी असल्याचं कळलं. नुसतं न पचण्याचा प्रश्न नव्हता, चमचाभर ताकानंही ओठ सुजायचे, श्वास अडकायचा. शाळेत इतर मुलं त्या चिमुकल्या बाटल्यांतलं गोड-आंबट प्रोबायोटिक दूध प्यायची आणि ही बघत बसायची. एकदा तिनं श्रीपादला विचारलं, "काका, माझ्यासाठी असली बाटली कुणीच करत नाही का?" तो म्हणाला, "मी करतो नोडु, बघच तू. त्यात काय एवढं."

आणि त्यानं ते खरंच मनावर घेतलं. माझी आई ताक न घालता नाचणीची अंबली करायची, पीठ शिजवून मडक्यात आंबवलेली. तिथूनच आम्ही सुरुवात केली. एच. डी. कोट्याहून नाचणी यायची आणि दर रविवारी आमचं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा व्हायची. अंबली छान जमायची, पण बाटलीत भरली की तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यातले कामाचे जिवाणू मरून जायचे. तांदळाची पेज झाली, नारळाचं दूध झालं... वैदेही ओट्यावर बसून प्रत्येक घोटाला मार्क द्यायची आणि श्रीपाद ते गंभीरपणे वहीत उतरवून घ्यायचा. इतकी वर्षं मैत्री होती, पण तो मला सर्वांत जास्त आवडला तो त्या रविवारांत.

मग हूटगळ्ळीतल्या एका नव्या कंपनीनं त्याला बोलावून घेतलं. वर्षभरात बाटली बाजारात आली. नाचणीचं पेय, वर ठळक अक्षरांत 'दूधविरहित'. पहिला खोका तो स्वतः घेऊन आला. मी विचारलं, "शेवटी जिवाणू जगवलेस कसे रे?" तो म्हणाला, "जगले. आयतु बिडो, सोड ना ते. पी तू आधी." मी पुढे काही विचारलं नाही. मी, रसायनशास्त्राचा मास्तर. वैदेहीनं दहापैकी नऊ मार्क दिले आणि त्या दिवसापासून ती बाटली तिच्या डब्याबरोबर शाळेत जाऊ लागली.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी ती घरी आली, बाटली संपवली आणि दहा मिनिटांत जमिनीवर कोसळली. बारा वर्षांची होती. चेहरा ओळखू येत नव्हता. हॉस्पिटलात पोचलो, इंजेक्शनं झाली, ती आत आणि मी बाहेर. डॉक्टरांनी विचारलं, पोटात काय गेलंय? मी श्रीपादला फोन केला. तो धावत आला आणि माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला.

"मुकुंदा, जिवाणू आधी दुधावर वाढवतो आम्ही. मग अंबलीत सोडतो. दूध अगदी नावाला उरतं."

"हे तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि ती रोज पिते हेही?"

"इतक्यानं तिला काही होणार नाही असं वाटलं रे. ह्या खेपेला जास्त उतरलं असेल... तुला सांगितलं असतं तर तू तिला पिऊच दिलं नसतंस."

मी त्याला जायला सांगितलं. वैदेही तिसऱ्या दिवशी घरी आली. लवकरच त्यानं ती कंपनी सोडल्याचं कानावर आलं, बाटलीवरचा मजकूर बदलल्याचंही. त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. तो माफी मागायला येईल असं मला बरेच महिने वाटत होतं.

तेराव्याला मी जाणार नव्हतो. वैदेहीनं नेलं; आता ती अठरा वर्षांची आहे. जेवणानंतर पद्मावहिनींनी तिच्यापुढे स्टीलचा पेला ठेवला. "अंबली आहे. ह्या भांड्याला दूध शिवलेलं नाही. ह्यांनी नाचणीवरच विरजण वाढवलं, दोन वर्षं झाली. बाटलीत दोन-दोन महिने टिकतं."

"दोन वर्षं?" मी म्हणालो. "मग मला सांगितलं का नाही?"

"सांगायला निघायचे. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे."

वैदेहीनं पेला उचलला, वास घेतला, बराच वेळ आत बघितलं आणि खाली ठेवला. "काकू, मला पाणी द्या. राग नाही माझा. पण... भीती वाटते."

तो पेला मी प्यायलो. तेव्हा दोन वर्षं दर रविवारी आम्ही जी चव शोधत होतो, तीच होती. जे माझ्या मुलीसाठी करायचं म्हणून आम्ही सुरू केलं, ते तिच्याविना पुरं झालं होतं, आणि मला त्यानं तेही कळू दिलं नाही. ह्याला माफ करायचं कसं, मला अजून समजत नाही.

निघताना वहिनी म्हणाल्या, "विरजण घेऊन जाल का? रोज त्याचं बघणं मला आता होत नाही." नाही म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण हात पुढे झाला. ते आता आमच्या ओट्यावर आहे. सकाळी उठल्यावर मी त्यात शिजवलेलं नाचणीचं पीठ घालतो, झाकण सैल ठेवतो. दुपारपर्यंत छान फसफसून वर येतं. घरात ते कुणी पीत नाही.